कराची किती लांब?

गेल्या दिवाळीच्या हंगामात मी अकोल्याच्या एका कापड दुकानात महिनाभर कामाला होतो. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांची पुढच्या सत्राची फी अशीच निघते, त्यात विशेष काही नाही. दुकानाचे मालक सिंधी. त्यांचे वडील, ज्यांना सारेजण दादाजी म्हणत, रोज अकराच्या सुमारास गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसत. वय सत्त्याऐंशीच्या आसपास. कापडाची घडी अजूनही माझ्यापेक्षा नीट घालतात. मी बी.ए.ला भूगोल घेतला आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले असावे. एके दिवशी गिऱ्हाईक नसताना त्यांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, "बेटा, तू नकाशाचा अभ्यास करतो ना? मग सांग, इथून कराची किती दूर आहे?"

मी खिशातला मोबाईल काढला आणि अर्ध्या मिनिटात आकडा सांगितला. दादाजींना तो आवडला नाही. ते म्हणाले, "हे यंत्राने सांगितलं. तू मोजलं का?"

मी मोजले नव्हते. दोन वर्षे अक्षांश-रेखांश पाठ केले, परीक्षेत आकृत्या काढल्या, पण दोन गावांतले अंतर स्वतः कधी काढून पाहिले नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या मोजणीचा वृत्तांत आहे. माझे गणित बेताचेच आहे. चूक आढळल्यास भूगोल विभागातील सरांनी कान धरावा.

पृथ्वीवर उत्तर-दक्षिण अंतर मोजणे सोपे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, मग तो कन्याकुमारीपाशी मोजा नाहीतर काश्मिरात. खरी अडचण पूर्व-पश्चिम अंतराची. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाता जाता जवळ येऊन शेवटी एका बिंदूत मिळतात. सोललेल्या संत्र्याच्या फोडी डोळ्यांपुढे आणल्या की हे चटकन कळते, आणि आपल्या भागात संत्र्याची उपमा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणून रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटर भरतो, अकोल्याच्या अक्षांशावर १०४ आणि कराचीच्या अक्षांशावर १०१. हा हिशेब त्रिकोणमितीच्या कोष्टकातून निघतो: त्या अक्षांशाची कोज्या घ्यावी आणि तिने १११ ला गुणावे.

आता अकोला २०.७० उत्तर, ७७.०० पूर्व. कराची २४.८६ उत्तर, ६७.०१ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक ४.१६ अंश, म्हणजे ४६२ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक जवळजवळ दहा अंश. दोन्ही गावांमधला सरासरी अंश १०२.५ किलोमीटरांचा धरला तर १,०२५ किलोमीटर. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. पायथॅगोरसचा सिद्धांत दहावीनंतर पुन्हा कधी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. पण दोन्हींचे वर्ग केले, बेरीज केली, मूळ काढले, आणि उत्तर आले १,१२४. पृथ्वीची गोलाई धरून जे मोठे सूत्र आहे त्याने १,१२३ येते. एका किलोमीटरचा फरक! एवढ्या अंतरात कागद सपाट धरला तरी चालते. मुंबईहून न्यूयॉर्कला जायचे असेल तर मात्र ही युक्ती साफ फसेल. तिथे पृथ्वीगोलावर धागा ताणून पाहावा. विभागातल्या गोलावर मी तो ताणून पाहिला, तेव्हा धागा नकाशात दिसते तसा सरळ पश्चिमेला न जाता बराच उत्तरेकडे चढून मग खाली उतरला. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात.

कराचीचे काम झाल्यावर मला मोजण्याचा नाद लागला. अकोल्याहून कोलकाता काढले: १,१९२ किलोमीटर. मी दोनदा तपासले. अकोल्याला आपल्याच देशातल्या कोलकात्यापेक्षा कराची जवळ आहे! मग अमरावती काढली. तिथे उलट. अमरावतीहून कराची १,१८३ आणि कोलकाता १,१११. म्हणजे कराची जवळ की कोलकाता जवळ, हा प्रश्न अकोला आणि अमरावती यांच्या मध्ये कुठेतरी पालटतो. तो कुठे पालटतो हे पाहण्यासाठी मूर्तिजापूर घेतले. कराची १,१५६, कोलकाता १,१५४. गावाच्या मध्याचा बिंदू थोडा इकडेतिकडे धरला तर दोन्ही आकडे सारखेच म्हणायचे.

मूर्तिजापूर आमचा तालुका. ज्या फलाटावर मी रोज पॅसेंजरची वाट पाहत उभा राहतो, जिथून एके काळी शकुंतला एका हाताला अचलपूरकडे आणि दुसऱ्या हाताला यवतमाळकडे जात असे, ते स्टेशन अरबी समुद्रावरच्या आणि हुगळीवरच्या दोन महानगरांच्या बरोबर मधोमध आहे, हे मला एकोणीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. घरी येऊन आईला सांगितले, तर ती म्हणाली, "मंग आपन दोन्हीकडूनबी सारखेच लांब हावो." तिने ते निंदणाच्या खुरप्याला धार लावता लावता म्हटले. मला तिचे म्हणणे खोडता आले नाही.

पण हे झाले सरळ रेषेतले अंतर, आणि सरळ रेषेत कोणी प्रवास करीत नाही. अकोल्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४७७ किलोमीटर, पण रेल्वेने ५८० च्या वर. लोहमार्ग भुसावळ, मनमाडवरून वळसे घेत जातो आणि शेवटी घाट उतरतो. रस्त्याचेही तसेच. रस्त्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: २०२२ च्या जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एक पदर सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून काढला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या वेगाने काम चालले तर अकोल्यापासून कराचीपर्यंत सरळ रस्ता सहासष्ट दिवसांत होईल. हा हिशेब मी दादाजींना सांगितला तेव्हा ते प्रथमच मोठ्याने हसले.

विमान सरळ रेषेच्या सर्वांत जवळून जाते. मुंबई ते कराची हे हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरांच्या पुढे जाते, म्हणजे भागाकार केला तर तासाहून थोडे अधिक. परंतु वेळापत्रकातली वेळ भागाकाराने निघत नाही. विमान जागेवरून हलते तेव्हापासून घड्याळ सुरू होते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, रांगेत उभे राहणे, वारा ज्या दिशेने असेल तिकडे तोंड करून उडणे आणि मग वळून आपली वाट धरणे, दहा-अकरा किलोमीटर उंची गाठेपर्यंत कमी वेगाने चढणे, उतरताना पुन्हा शे-दोनशे किलोमीटर आधीपासून वेग कमी करीत येणे, या साऱ्यात अर्धा तास सहज जातो. म्हणून मुंबई-कराची हा प्रवास दीड तासाचा, किंवा त्याहून थोडा जास्त. अंतर जितके लहान तितका या चढण्या-उतरण्याचा वाटा मोठा. एस.टी.चेही असेच आहे. जवळच्या गावाला जाताना स्टँडबाहेर पडायलाच निम्मा वेळ लागतो.

विमानाची जात कोणती हेही पाहावे लागते. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. (अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या अमदानीतली, पण तिथून नियमित प्रवासी विमान अजून नाही. या विषयावर अकोलेकरांशी बोलू नये.) बेलोऱ्याहून मुंबई हवाई अंतर ५४० किलोमीटरांच्या आसपास, आणि सुरुवातीच्या वेळापत्रकात वेळ होती पावणेदोन तास. म्हणजे अमरावतीहून मुंबईला लागणारा वेळ मुंबईहून कराचीला लागणाऱ्या वेळापेक्षा कमी नाही, किंबहुना अधिकच! कारण बेलोऱ्याला येणारे एटीआर जातीचे विमान पंख्यांचे आहे. त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास. लहान धावपट्टीवर ते उतरू शकते, हा त्याचा गुण. तेव्हा कोणी नुसते "किती तास" असे सांगितले की "कशाने?" हे विचारलेच पाहिजे.

घड्याळाची आणखी एक गंमत आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरची, पाकिस्तानची ७५ पूर्ववरची. साडेसात अंश म्हणजे अर्धा तास. त्यामुळे मुंबईहून दहाला निघालेले विमान दीड तास उडून कराचीला पोहोचेल तेव्हा तिथल्या घड्याळात अकराच वाजलेले असतील. परतीच्या वाटेवर तेच विमान दहाला निघाले तर मुंबईत बारा वाजतील. वेळापत्रक वाचणाऱ्याला वाटावे की जाताना एक तास आणि येताना दोन! नेपाळची तऱ्हा तर याहून वेगळी. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटांनी पुढे आहे. काठमांडूला जाणाऱ्याने घड्याळाचा काटा पाव तास फिरवायचा, हे वाचून मला फार मौज वाटली.

मुंबई-कराची या वाटेचे आपल्या देशाच्या इतिहासात एक खास स्थान आहे. भारताची हवाई वाहतूक याच वाटेवर जन्मली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ जातीचे एकपंखी छोटे विमान उडवले. लंडनची डाक इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येत असे. तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला ती पोहोचविण्याचे हे काम. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल भरले आणि दुपारी विमान मुंबईला जुहूच्या मैदानावर आले. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने बेल्लारीमार्गे मद्रास गाठले. अहमदाबादचा वळसा धरला तर ही वाट साधारण १,०४० किलोमीटरांची होते, आणि त्या विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे नुसते उडण्यातच साडेसहा तास. बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टाटांनी हेच उड्डाण एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केले. पण तोवर निघण्याचे गाव परदेशात गेले होते.

१९३२ साली मात्र कराची परदेश नव्हते. इतकेच काय, ते आपल्याच मुंबई इलाख्यात होते. सिंध प्रांत मुंबई इलाख्यातून वेगळा झाला १ एप्रिल १९३६ रोजी. त्यापूर्वी मुंबईहून शिक्षक, कारकून, अधिकारी कराचीला बदलून जात, तसे आज कोणी गडचिरोलीला जातात. कराचीतील एक जुनी आणि मोठी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. सिंधीच्या शिक्षणासाठी त्यांनी काम केले. गंमत अशी की तेव्हा आमचे वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते. म्हणजे सरकारी दृष्टीने मुंबईला अकोल्यापेक्षा कराची घरचे होते.

दादाजी कराचीहून आले ते बोटीने, १९४८ साली. त्या वर्षी ६ जानेवारीला कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबलेली हजारो सिंधी कुटुंबे बंदराकडे निघाली. दादाजी तेव्हा नऊ वर्षांचे. सरळ रेषा काठेवाडावरून जाते, पण बोटीला द्वारका, वेरावळ, दीव असा किनाऱ्याचा वळसा घालावा लागतो. पाचशे सागरी मैलांच्या आसपास हे अंतर पडते. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ताशी बारा-तेरा मैल चालणाऱ्या बोटीला चाळीस तास हवेत. दादाजींना दोन रात्री आठवतात, त्या या हिशेबात बसतात. मुंबईहून कल्याणची छावणी, तिथून दोन वर्षांनी अकोला. "अकोला काहून?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "इथे कापूस होता, गिऱ्हाईक होतं, आणि पाव्हण्यांपैकी एक घर आधी आलेलं होतं."

त्यानंतर ते परत गेले नाहीत. का, हे विचारायचे मला धाडस झाले नाही. पण वाटा कशा बंद होत गेल्या ते पुस्तकातून समजते. राजस्थानातल्या मुनाबावहून पलीकडच्या खोखरापारला जाणारा लोहमार्ग १९६५ च्या युद्धात बंद पडला. तो २००६ च्या फेब्रुवारीत थार एक्स्प्रेसने पुन्हा सुरू झाला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा थांबला. मुंबई-कराची थेट विमानसेवा २०१७ साली बंद झाली.

इथे आकाशाचा मालक कोण, हा प्रश्न येतो. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारात राष्ट्रांनी मान्य केले की प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण अधिकार आहे. जमिनीवरची सीमा जणू भिंतीसारखी वर चढते. परवानगी असेल तर सरळ रेषा. नसेल तर वळसा. याचे मोठे उदाहरण १९७१ चे. त्या वर्षीच्या जानेवारीत भारतीय विमान लाहोरला पळवून नेऊन पुढे जाळण्यात आले, त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून जाण्यास बंदी केली. तेव्हा पाकिस्तानचे दोन तुकडे होते. कराची ते ढाका सरळ अंतर सुमारे २,३७० किलोमीटर. तो प्रवास श्रीलंकेला वळसा घालून करावा लागू लागला आणि अंतर जवळजवळ दुप्पट झाले. एकाच देशाची दोन शहरे, पण मधले आकाश दुसऱ्याचे! त्याच वर्षाच्या अखेरीस ती दोन वेगळ्या देशांची शहरे झाली. अलीकडे २०१९ साली बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश काही महिने बंद ठेवले होते, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. दिल्लीहून युरोपला निघालेल्या भारतीय विमानांना त्यामुळे दक्षिणेकडून फेरा घ्यावा लागला. जास्त अंतर म्हणजे जास्त इंधन, आणि ते शेवटी तिकिटात उतरते.

थेट विमान नाही म्हटल्यावर मुंबईहून कराचीला जायचे तर दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणाहून. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-कराची १,१९०. एकूण ३,१२० किलोमीटर. साडेतीन पट! दुबईकडे जाताना कराची उजव्या हाताला मागे टाकायची आणि मग उलट फिरून तिच्याकडे यायचे. दीड तासाच्या ठिकाणी, मधला थांबा धरून, अख्खा दिवस. व्हिसा मिळणे हा त्याआधीचा प्रवास. त्याचे गणित भूगोलात नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी हे सारे कागदावर नीट लिहून अकोल्याला गेलो. दुकान उघडे होते. दादाजींनी चष्मा लावून माझे गुणाकार-भागाकार वरून खालपर्यंत पाहिले. व्यापारी माणूस, बेरीज तपासल्याशिवाय सोडत नाही. १,१२३ वर बोट ठेवून म्हणाले, "एवढंच? मला वाटलं होतं, दोन हजार तरी असेल." मग थोड्या वेळाने विचारले, "आणि केमारीपासून आमचं घर?"

केमारी म्हणजे कराचीचे बंदर. मी सांगितले की माझ्या नकाशावर सगळी कराची एका ठिपक्याएवढी आहे, एवढे बारीक त्यात दिसत नाही.

"ते मला माहीत आहे," दादाजी म्हणाले, "तू लिही. बंदरावरून ट्राम निघायची, बंदर रोडने." मी कागद उलटा केला आणि ते सांगत गेले. कुठे पूल लागे, कुठे ट्राम वळे, कुठल्या थांब्यावर खारे शेंगदाणे मिळत, कोणत्या गल्लीत उजवीकडे वळले की तिसरा दरवाजा त्यांचा. त्या ट्राम १९७५ सालीच बंद झाल्या हे मी वाचलेले होते. ते मी बोललो नाही. मागची बाजू भरली तेव्हा त्यांच्या मुलाने मला बिलाच्या वहीतून आणखी एक कागद फाडून दिला.